डेअरीमागचा गोठा

दसऱ्याच्या आदल्या रात्री चक्का टांगायचा, ही आमच्या घरची रीत. आता चक्का कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो, पण पंचातून रात्रभर पडणारी टपटप कानावर आल्याशिवाय मला दसरा झाल्यासारखं वाटत नाही. सकाळी खालच्या पातेल्यात हिरवट-पिवळी निवळी साठलेली असते. गावी आई तिच्यात थालीपिठाचं पीठ भिजवायची. थोडी म्हशीच्या आंबोणात जायची आणि तरीही उरली तर परसातल्या कर्दळीला. "रोज एकाच जागी ओतू नकोस, मुळं कुजतील," एवढं बजावून.

पुण्याच्या फ्लॅटात ना म्हैस, ना परस. गेल्या वर्षी सगळी निवळी मी सरळ मोरीत ओतली. तिसऱ्या दिवशी मोरीला असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी दार वाजवून "उंदीर मेलाय का हो तुमच्याकडे?" असं विचारलं. मेलं कोणीच नव्हतं. उलट जाळीखालच्या वाकात कोट्यवधी जीव जन्माला आले होते आणि माझ्या निवळीवर मजेत जगत होते. दोन किलो चक्क्याच्या निवळीने ही गत केली, तर दसऱ्याच्या आठवड्यात टनांनी चक्का काढणाऱ्या डेअरीच्या मोरीचं काय होत असेल? हा प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना. शेवटी ओळखीच्या ओळखीने एका मध्यम आकाराच्या डेअरीत पोचलो. तिचं नाव सांगणार नाही. लोकांनी मोकळेपणाने दाखवलं, त्याची परतफेड चव्हाट्यावर करायची नाही.

डेअरीचं पुढचं दार आपल्या सगळ्यांच्या माहितीचं असतं. टँकरची रांग, फॅट आणि एसएनएफचा फळा, गणपतीची तसबीर. मागच्या दाराशी ईटीपी असतो, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची टाक्यांची रांग. तिथे पावणे एकोणसाठ वर्षांचे अण्णा भेटले. (वय त्यांनीच असं सांगितलं, निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं हे कळावं म्हणून.) रात्रपाळीची धुलाई चालू होती. अण्णांनी खिशातून पीएच कागदाची वही काढली आणि नालीच्या तोंडाशी उकिडवे बसले.

"बघा आता. आधी पांढरं येईल."

पांढरं आलं. पाइपांत राहिलेलं दूध पहिल्या पाण्याबरोबर वाहून आलं, ताकासारखं. मग पाणी निवळलं आणि त्यातून वाफा निघायला लागल्या. अण्णांनी कागद बुडवला, तो गडद निळा-जांभळा झाला. कॉस्टिक सोडा. अर्ध्या तासाने पुन्हा बुडवला, तर लालभडक. नायट्रिक ॲसिड. पाइप न खोलता आतल्या आत धुवायच्या या पद्धतीला डेअरीत सगळे 'सीआयपी' म्हणतात. सत्तर अंशांच्या पुढचं गरम कॉस्टिक चरबी आणि प्रथिनं सोडवतं, त्यानंतरचं आम्ल दुधातल्या क्षारांचं कीटण काढतं. एकाच नालीतून तासाभरात पांढरं, जांभळं आणि लाल, तिन्ही गेलं.

"ह्या पाण्याला सण कळत्यात, सायेब," अण्णा म्हणाले. "दसऱ्याला चक्क्याचं येतंय, लगीनसराईला पनीरचं. एरवी नुसतं धुण्याचं."

दूध घाण कसं असेल, असं आपलं मन म्हणतं. रसायनांच्या कारखान्याचं सांडपाणी म्हटलं की आपण नाक मुरडतो, डेअरीचं म्हटलं की 'दूधपाणीच तर आहे' म्हणतो. नदीचा हिशेब उलटा आहे. पाण्यातले जंतू सेंद्रिय खाऊ संपवताना जितका प्राणवायू ओढतात, त्याच्या मापाला बीओडी म्हणतात. मोरी-संडासाच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. निवळीचा तीस ते पन्नास हजार. आणि नुसत्या दुधाचा सुमारे एक लाख. म्हणजे एक लिटर दूध नदीत सांडलं तर ते पचवायला शंभर ग्रॅम प्राणवायू लागणार. आपल्याकडच्या हवेत स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला असतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. भागाकार केला की उत्तर येतं साडेबारा हजार लिटर. एक लिटर दूध पाण्याच्या मोठ्या टँकरभर पाण्याचा श्वास कोंडू शकतं.

बीओडीची चाचणी इंग्रजांनी बसवली. १९१२ साली तिथल्या रॉयल कमिशनने नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा ठरवली आणि बाटली पाच दिवस ठेवायचा प्रघात पडला. पाचच का, तर इंग्लंडातल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं म्हणून, असं सांगतात. आपल्या नियमांत आता २७ अंशांना तीन दिवस धरतात. आपल्या नद्या समुद्राला लवकर मिळतात असा याचा अर्थ नाही, उकाड्यात जंतूच भराभर जेवतात.

डेअऱ्यांसाठीचा केंद्रीय नियम असा : एक लिटर दुधामागे तीन लिटरपेक्षा जास्त सांडपाणी होऊ नये, बाहेर सोडताना त्याचा बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवा, आणि ज्या पाण्यात ते जाणार ते पिण्यासाठी उचललं जात असेल तर ही मर्यादा ३० पर्यंत खाली आणता येते. त्याच नियमात एक छोटी तळटीप आहे. दूध नुसतं थंड करणाऱ्या चिलिंग केंद्राचं सांडपाणी जमिनीवर सोडायचं असेल आणि ती जमीन शुद्धीकरणासाठीच आखून, देखरेखीखाली वापरली जात असेल, तर ३५० पर्यंत चालतं. जमीन पाणी शुद्ध करते, हे सरकारी भाषेतही लिहून ठेवलेलं आहे. आईने ते कर्दळीपाशी सांगितलं होतं, सोबत 'रोज एकाच जागी नको' ही देखरेखीची अटही होती.

हे पाणी पूर्वी एका जागी जमतच नव्हतं. म्हैस घरची, चरवी घरची, ती विसळलेलं पाणी घरच्याच परसात. १९७० पासून 'दुधाचा महापूर' आला. गावोगावचं दूध कॅनमधून, मग टँकरमधून एका ठिकाणी जायला लागलं. शेतकऱ्याच्या हातात दर दहा दिवसांनी पैसे आले, शहराला दूध मिळालं, हे सगळं चांगलंच झालं. पण दुधाबरोबर चरव्यांची विसळणंही एका ठिकाणी गेली. हजार परसांनी वाटून घेतलेलं पाणी एका नालीत आलं आणि त्याला परस उरलं नाही.

त्या परसाच्या जागी ईटीपी आला. जाळी, तुपकट तवंग पकडायचा सापळा, आम्ल आणि कॉस्टिक एकमेकांत मिसळून शांत व्हावं म्हणून समतोल टाकी, मग हवा भरायची टाकी. ब्लोअर रात्रंदिवस हवा ओततात, जंतू सांडपाणी खातात, वाढतात, मरतात, आणि त्यांच्या मढ्यांचा गाळ तळाशी बसतो. हा गाळ उपसायचा, वाळवायचा, कुठेतरी न्यायचा. यंत्रणा चांगली आहे, नीट चालवली तर पाणी नियमात बसतं. पण ती विजेवर जगते. एका डेअरीच्या मागे मी ब्लोअर बंद पाहिला, कारण विचारल्यावर उत्तर मिळालं, "बिल बघितलंय का?" पाहणी असते त्या दिवशी तो फिरतो, हे उत्तर न विचारताच कळलं. बारा तास हवा नाही म्हणजे टाकीतले कामाचे जंतू गुदमरले आणि दुसरे, सडका वास सोडणारे, बसले. यंत्र बंद-चालू करता येतं. आतलं खिल्लार तसं करता येत नाही.

खिल्लार हा शब्द मी गंमत म्हणून वापरला नाही. ब्लोअरला पर्याय शोधत, सांडपाणी गांडुळांकडून शुद्ध करून घेणाऱ्या गाळणीकडे मी वळलो तेव्हा मला वाटलं होतं की एखादं स्वस्त, बिनविजेचं यंत्र बघायला मिळणार. बघितल्यावर मत बदललं.

गांडुळाला मोठेपण मिळवून दिलं चार्ल्स डार्विनने. १८८१ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर. त्याने कुंड्यांतली गांडुळं पियानोवर ठेवून सूर वाजवून पाहिले. हवेतला आवाज त्यांना ऐकू येत नाही, लाकडातून आलेली थरथर मात्र बिळात पळवून लावते, हा निष्कर्ष. आपल्याकडे कोकणात याच प्राण्याला काडू म्हणतात आणि गळाला लावतात. देशावर तो शिवीत वापरतात. 'गांडूळ' म्हणजे कणा नसलेला माणूस. खत म्हणून त्याची कीर्ती वाढली तरी ही शिवी काही हटली नाही.

गांडुळांकरवी पाणी शुद्ध करण्याची पद्धत जगात रुजवणाऱ्यांत चिलीचं नाव पुढे आहे. तिथल्या विद्यापीठातल्या होसे तोहा या जीवभौतिकशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात अशी गाळणी घडवली. तिला आजही त्यांच्या नावाने ओळखतात. तिथूनच निघालेल्या वाटेने आज अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, रॉयल सिटीजवळच्या एका मोठ्या गोठ्यावर लाकडाच्या छिलक्यांचे लांबलचक वाफे आहेत आणि त्यांवर गाईंच्या धुण्याचं पाणी फवारलं जातं. तिकडे 'डेअरी' म्हणजे गोठा. आपल्याकडे डेअरी म्हणजे दूध गोळा करायची किंवा प्रक्रिया करायची जागा. त्यामुळे तिकडचे आकडे इकडे चिकटवताना जपावं लागतं. गोठ्याच्या पाण्यात शेण-मूत, डेअरीच्या पाण्यात साखर-तूप. गांडुळाच्या दृष्टीने ही दोन वेगळी जेवणं आहेत.

महाराष्ट्रात हे काम चिलीच्या मागे राहिलेलं नव्हतं. पुण्याच्या उदय भवाळकरांनी गांडुळांवर संशोधन संस्था काढली आणि खोल बिळं करणाऱ्या जातीच्या जोरावर सेंद्रिय कचरा आणि सांडपाणी जमिनीतच जिरवायची मांडणी केली. (ध्रुपद गाणारे उदय भवाळकर वेगळे. पुण्यात दोन्ही नावं एकदम निघाली की गोंधळ होतो.) मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक शंकर यांनी माती, जंतू, गांडूळ आणि झाडं यांची सांगड घालून सांडपाण्यासाठी जमिनीची गाळणी उभी केली. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठात राजीव सिन्हा यांनी २००७ च्या सुमारास डेअरीच्या सांडपाण्यावरच गांडुळांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या लेखाच्या सहलेखकांत भारंबे आणि बापट अशी दोन आडनावं पाहून मला उगाचच घरचं कोणी भेटल्यासारखं झालं. घरगुती सांडपाण्यावरच्या त्यांच्या प्रयोगांत बीओडी नव्वद टक्क्यांहून जास्त उतरला होता.

गाळणीची रचना सांगायला सोपी. तळाशी मोठे गोटे, वर खडी, वर बारीक खडी किंवा वाळू, आणि सगळ्यात वर हात-दीड हात सेंद्रिय थर : करवतीचा भुसा, छिलके, जुनं गांडूळखत. त्यात गांडुळं. वरून पाणी शिंपडायचं, खालून गोळा करायचं. पाणी साठू द्यायचं नाही, कारण गांडूळ कातडीने श्वास घेतं. कातडी ओली हवी, पण बुडून चालत नाही.

गांडूळ सांडपाणी पितं आणि शुद्ध करतं, असा एक भाबडा समज आहे. साखर आणि विरघळलेली प्रथिनं खातात ते जंतूच, खडीवर आणि भुशावर बुळबुळीत थर धरून बसलेले. कोणतीही गाळणी या बुळबुळीनेच मरते. थर वाढत जातो, भोकं बुजतात, हवा थांबते, वास सुटतो. गांडूळ हा थर चरतं. जंतूंसकट, अडकलेल्या साईसकट, तंतूंसकट गिळतं, पोटात दळतं आणि दाणेदार विष्ठा टाकून पुढे जातं. जाता जाता बीळ राहतं, बिळातून हवा खाली जाते. ब्लोअरचं काम आणि गाळ उपसायचं काम, दोन्ही एकाच तोंडाने होतात. म्हैस गवत खाते तेव्हा गवत पचवतात तेही तिच्या पोटातले जंतूच. तरी आपण म्हैस पाळली असंच म्हणतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मला खाज सुटली. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या घेतल्या, तळाला भोक पाडून नळ बसवला, बांधकामावरून खडी मागून आणली, सुताराकडून भुसा. गांडूळखत करणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने अर्धा किलो लाल गांडुळं दिली, आयसेनिया फेटिडा. वर दवाखान्यातून मिळालेली सलाइनची नळी टांगली, चाकाने थेंब कमी-जास्त करायची सोय आयतीच. बाल्कनीत आयसीयू उघडल्यासारखं दिसत होतं.

आठवडाभर नुसतं पाणी दिलं. मग उत्साहाच्या भरात घरच्या पनीरची दीड लिटर निवळी, जशीच्या तशी, एका रात्रीत सोडली. पहाटे बाल्कनीत गेलो तर बादलीच्या काठावर, बाहेरच्या अंगावर, फरशीवर, चपलेत गांडुळं. बादलीत वाकून पाहिलं तर भुशावर पांढरी, ताणली जाणारी साय धरलेली आणि नाकात जाणारा आंबूस भपका. साखरेचं आम्ल झालं होतं, हवा संपली होती, आणि ज्यांना पळता आलं ती पळाली होती. न पळालेली वरच्या थरात फिकट, मऊ पडली होती. मी ती चमच्याने वेचली. चमच्याने गांडुळं वेचणाऱ्या माणसाच्या मनात स्वतःबद्दल फार मोठे विचार येत नाहीत.

अण्णांना फोनवर सांगितलं. ते हसले नाहीत. "म्हशीला एकदम पेंड टाकली तर काय हुतंय?" त्यांनी विचारलं. "पोट फुगतंय. तसंच झालं." पाच मिनिटांत त्यांनी आहार लिहून दिला, म्हणजे सांगितला : निवळी वीस पट पाण्यात, तीही दुधाचं पातेलं विसळलेल्या पाण्यात. एक दिवस आड. अंड्याची टरफलं कुटून टाका, आंबटपणा मरतो. वर ओलं गोणपाट. अण्णांनी गांडुळांवर एकही लेख वाचलेला नाही. त्यांच्या घरी तीन म्हशी आहेत.

नवी गांडुळं आणून तसं केलं. महिन्याभरात साय गेली, वर चहाच्या भुकटीसारखे दाणे दिसायला लागले, खालून येणारं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं आणि पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं. पण वासावर कोण विश्वास ठेवणार? तोडगा अण्णांकडेच होता. डेअरीत आलेलं दूध किती ताजं, हे पाहायला मिथिलीन ब्लूचा निळा थेंब टाकतात. दुधात जंतू जितके जास्त, तितका तो रंग लवकर उडतो, कारण जंतू प्राणवायू संपवतात. तीच निळाई सांडपाण्यालाही चालते. दोन बाटल्या काठोकाठ भरल्या, एक गाळण्याआधीच्या पाण्याची, एक गाळल्यानंतरची. दोन्हींत थेंब टाकला, बुचं लावली, कपाटात ठेवल्या. पहिली संध्याकाळपर्यंत दुधट झाली. दुसरी तिसऱ्या दिवशीही निळीच होती. ही प्रयोगशाळा नव्हे, मान्य. पण स्वयंपाकघरात उभं राहून असा निळा रंग पाहताना जी खुशी होते, ती कुठल्याही अहवालाने मला दिलेली नाही.

आता कर्दळीकडे येतो. भुवनेश्वरच्या आयआयटीत समल, दाश आणि भुनिया यांनी २०१७-१८ मध्ये डेअरीच्या पाण्यासाठी जी जोडगाळणी तपासली, तिच्यात गांडूळ होतं आयसेनिया फेटिडा आणि झाड होतं कॅना इंडिका. लॅटिन नाव वाचून पुढे जाणार होतो, चित्र पाहिलं आणि थांबलो. ती कर्दळ होती. मराठी घराच्या मागच्या दाराशी, न्हाणीच्या पाण्यावर, अळू आणि केळीच्या शेजारी वाढणारी, जिला कोणी मुद्दाम पाणी घालत नाही ती.

ती तिथे का तगते याला कारण आहे. चिखलात बहुतेक झाडांची मुळं गुदमरतात. कर्दळीच्या देठांत आणि गड्ड्यांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून वरचा प्राणवायू खाली मुळांपर्यंत उतरतो आणि थोडा मुळांबाहेरही पाझरतो. तेवढ्यावर मुळांभोवती जंतूंची वस्ती बसते. मुळं खडीतून वाट काढत राहिली की पाण्यालाही वाट मिळते. जर्मनीत केथे झाइडेल या बाईंनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करून घ्यायचे प्रयोग सुरू केले, लोकांनी वेडं ठरवलं तरी सोडले नाहीत, आणि पुढे त्यांनी तपासलेल्या पाण्यांत डेअरीचंही होतं. आपल्याकडे नागपूरच्या नीरीने 'फायटोरिड' नावाने खडी आणि झाडांची अशीच पद्धत विकसित केली आहे.

गांडुळांनंतर झाडं का, याचं उत्तर नत्रात आहे. गांडुळांचा वाफा हवेशीर, म्हणून तिथे प्रथिनांतलं नत्र अमोनियातून नायट्रेटपर्यंत जातं आणि तिथेच अडतं. बीओडी उतरला, पाणी दिसायला छान, पण नायट्रेट भरपूर. नायट्रेटचा वायू होऊन तो हवेत जायला उलट परिस्थिती लागते, प्राणवायू तुटपुंजा. म्हणून पहिला वाफा उभा, पाणी वरून खाली झिरपणारा. दुसरा आडवा, खडीत पाणी भरलेलं आणि त्यात कर्दळ. एकात श्वास, दुसऱ्यात श्वास रोखून धरणं. झाड स्वतः नत्र उचलतंही, पण ते कापून न्यावं लागतं, नाहीतर पानं सडून सगळं पुन्हा पाण्यात. स्फुरदाच्या बाबतीत ही जोडी फारशी कामाची नाही, हेही सांगून टाकतो.

भुवनेश्वरच्या प्रयोगात झाडं लावलेली गाळणी बिनझाडाच्या गाळणीपेक्षा सरस ठरली. पण त्या अभ्यासाच्या नावातच एक शब्द आहे, कृत्रिम डेअरी-सांडपाणी. प्रयोगशाळेला तसंच करावं लागतं, रोज सारखं पाणी मिळालं तरच तुलना होते. अण्णांच्या नालीला मात्र सण कळतात. पांढरं, जांभळं आणि लाल पाणी थेट गांडुळांवर गेलं तर पहिल्याच रात्री वाफा संपला. लाल गांडुळाला मानवतं पंधरा ते पंचवीस अंश, पस्तीसच्या पुढे त्याचा जीव धोक्यात. विदर्भात मे महिन्यात सावली, ओलं गोणपाट आणि पेरिओनिक्ससारख्या उष्ण हवेच्या जाती, यांतलं काहीच सोडता येणार नाही. म्हशीच्या दुधाच्या पट्ट्यात तूप जास्त, म्हणून तवंगाचा सापळा दुप्पट काळजीने साफ करायला हवा. आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठाला २०१९ आणि २०२१ चा पूर आठवत असेल त्याने वाफा उंचावरच बांधावा. बुडालेल्या ब्लोअरची मोटर गुंडाळून आणता येते, बुडालेली गांडुळं नाही.

म्हणून ईटीपी मोडून गांडुळं आणा, असं सांगणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. जाळी, तवंगाचा सापळा आणि समतोल टाकी राहणारच. पुढची हवेची टाकी आणि गाळाचे वाफे यांची जागा गांडुळं घेऊ शकतात, तीही लहान डेअरीत आणि चिलिंग केंद्रात आधी. जागेचा अंदाज सांगतो. रोज लाखभर लिटर दुधाच्या डेअरीला नियमाने तीन लाख लिटरपर्यंत सांडपाणी. चौरस मीटरला दिवसाला अर्धा घनमीटर दिलं तर सहाशे चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहा गुंठे. शहरात ही चैन आहे, तालुक्याच्या गावी डेअरीच्या मागच्या पडीक तुकड्यात बसते. निवळी मात्र यात घालूच नये. ती वेगळी साठवून जनावरांना द्यावी किंवा तिची भुकटी करावी. तिला सांडपाणी म्हणणं हाच पहिला घोटाळा आहे.

माझी खरी शंका जागेबद्दल नाही. गावोगाव फिरताना गांडूळखताचे अनुदानातून बांधलेले हौद दिसतात. बहुतेकांत आता सरपण असतं, एकात मी कोंबडी अंड्यांवर बसलेली पाहिली. हौद बांधायला पैसे मिळाले, गांडुळं सांभाळायची कोणी हे ठरलं नाही. डेअरीतही तेच होऊ शकतं. वाफा 'यंत्रसामग्री'च्या रकान्यात नोंदला जाईल, त्याची देखभाल वर्षाच्या कंत्राटावर दिली जाईल, आणि कंत्राटदाराचा मुलगा महिन्यातून एकदा मोटरसायकलवरून येऊन सही करून जाईल. खरं तर दूध संघाइतकी या कामाला लायक संस्था दुसरी नाही. जनावराला काय, किती, कधी घालायचं हे गेली पन्नास वर्षं ते गावोगाव शिकवत आहेत. पशुखाद्याचे कारखाने त्यांचे, पशुवैद्य त्यांचे. फक्त मागच्या दाराशी गेले की ते ज्ञान पुढच्या दाराशी ठेवून येतात.

दिवाळीआधी अण्णा पुण्याला आले, नातवाच्या ॲडमिशनसाठी. बादल्या बघायच्याच होत्या त्यांना. दुसऱ्या बादलीत मी नंतर लावलेल्या कर्दळीला तांबडं फूल आलं होतं, ते त्यांनी पाहिलंच नाही. पहिल्या बादलीवरचं गोणपाट उचललं, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर दाणे बाहेर काढले, तळहातावर चोळले, मोहरीएवढे पिवळसर कोष बोटाने बाजूला केले. मग नाकाशी नेले. सकाळी गोठ्यात शेण बघून जनावराची तब्येत सांगणारा माणूस जसा थांबतो, तसे थांबले.

"पोट बरं हाय ह्यांचं," म्हणाले, आणि गोणपाट पुन्हा नीट चारी बाजूंनी खोचलं.